टेबल कुठं मांडायचं?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोन केला तेव्हा सांगितलं होतं, ‘आगीचे दोन-चार किस्से सांग, लोकांना आवडतात.’ अग्निशमन दलात तेहतीस वर्षं काढली, त्यामुळं किस्से पोतंभर आहेत. ते रात्री जेवताना सांगतो. आत्ता मला एका टेबलाबद्दल बोलायचंय. आणि शेवटी आपल्या नियोजित कमानीबद्दल. कमानीचा विषय निघाल्यावर मागच्या दोन रांगा लगेच सावध झाल्यात, मला दिसतंय. भांडायला आलेलो नाही. आधी टेबलाचं ऐकून घ्या.

कुठंही दुर्घटना झाली की माणूस पहिल्यांदा काय करतो? धावतो. इमारत पडली, धाव. नाव उलटली, धाव. आपल्याकडं ते चांगलंच मानतात आणि त्यात वाईट काही नाही. पहिल्या तासात जेवढी माणसं जिवंत निघतात, त्यातली बहुतेक शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच काढलेली असतात. आमची गाडी पोचेपर्यंत ते अर्धं काम करून बसलेले असतात. पण तासाभरानंतर चित्र बदलतं. आता तिथं दोनशे माणसं, चार जेसीबी, सहा ॲम्ब्युलन्स, पोलीस, नातेवाईक, नगरसेवक आणि कॅमेरेवाले असतात. प्रत्येकाला मदत करायची असते. आणि नेमकं काय करायचं, हे कोणाला विचारायचं, तेच कोणाला माहीत नसतं.

म्हणून आमच्या धंद्यात एक जागा ठरवतात. तिला कमांड पोस्ट म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण वस्तू साधी असते. एक टेबल, एक नकाशा, एक फळा, वायरलेस, उजेड आणि जबाबदार एक माणूस. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१० साली याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात लिहिलंय की इमारत नसेल तर ही जागा एखाद्या गाडीत किंवा तंबूतही चालेल, फक्त पुरेसा उजेड आणि संपर्काची सोय हवी. तालुक्याला तहसीलदार, उपविभागाला प्रांत, आणि त्यांच्यावर जिल्हाधिकारी, अशी जबाबदारीची उतरंड त्यात ठरवून दिलीय. जिल्हा कचेरीतला आपत्ती कक्ष वेगळा. तो लांब असतो, फोनवर असतो. मी बोलतोय ते घटनेच्या जागेवरच्या टेबलाबद्दल.

ही पद्धत आली अमेरिकेतून. १९७० साली कॅलिफोर्नियात तेरा दिवसांत वणव्यांनी पाच लाख एकरांहून जास्त जमीन जाळली, ७०० इमारती गेल्या, १६ माणसं मेली. नंतर चौकशी झाली तेव्हा लक्षात आलं की पाणी कमी पडलं, माणसं कमी पडली, असं म्हणून भागणार नव्हतं. वेगवेगळ्या खात्यांची माणसं एकाच आगीवर होती, पण त्यांचे वायरलेस एकमेकांशी बोलत नव्हते, एकाच वस्तूला प्रत्येकाचा शब्द वेगळा होता, आणि हुकूम कोणाचा मानायचा हे ठरलेलं नव्हतं. त्यातून ही शिस्त तयार झाली. एक घटना, एक कमांड पोस्ट. एका माणसाच्या हाताखाली साधारण पाच जण, फार तर सात. त्यापुढं कोणाचंच डोकं चालत नाही. आमचे पी.टी.चे सर कवायतीला पाच-पाचाच्या ओळी का करायचे, ते मला नोकरीत कळलं. (सर हसताहेत, म्हणजे बरोबर असावं.)

आता हे टेबल कुठं मांडायचं? हा प्रश्न सोपा वाटतो. घटनास्थळाच्या इतकं जवळ की काय चाललंय ते दिसावं, आणि इतकं लांब की तीच घटना टेबलावर येऊन पडू नये. इमारत पडायच्या बेतात असेल तर निदान तिच्या उंचीच्या दीडपट अंतरावर. रसायनाची गळती असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला. न्यूयॉर्क शहरानं ११ सप्टेंबर २००१ ला याची किंमत मोजली. शहराचं सुसज्ज आपत्ती केंद्र त्याच आवारातल्या सात नंबरच्या इमारतीत, तेविसाव्या मजल्यावर होतं. ते आधीच रिकामं करावं लागलं. अग्निशमन दलाची कमांड पोस्ट मनोऱ्यांसमोरच्या रस्त्यावर होती. दक्षिण मनोरा कोसळला आणि ती उधळली गेली. वर पोलिसांची हेलिकॉप्टरं फिरत होती, त्यांना उरलेल्या मनोऱ्याची अवस्था दिसत होती, ते वायरलेसवर सांगतही होते. पण पोलिसांचा वायरलेस वेगळा आणि आमच्या भाईबंदांचा वेगळा. ३४३ जवान गेले. त्याच सकाळी पेंटॅगॉनवरही विमान आदळलं होतं. तिथल्या स्थानिक अग्निशमन दलानं सगळ्या खात्यांना एका कमांडखाली बसवलं होतं. इमारतीचा भाग ढासळणार हे दिसल्यावर सगळ्यांना बाहेर बोलावलं, आणि ९.५७ ला तो ढासळला तेव्हा त्याखाली एकही जवान नव्हता. दोन्हीकडच्या अडचणी सारख्या नव्हत्या, हे मान्य. शंभर मजली मनोरा आणि पाच मजली इमारत यांची बरोबरी होत नाही. पण आम्हाला प्रशिक्षणात ही दोन उदाहरणं शेजारी-शेजारी ठेवून शिकवतात, ते उगाच नाही.

आता माझ्या नोकरीतली एक रात्र सांगतो. शहराचं नाव आणि साल सांगत नाही, कारण त्यातली माणसं अजून तिथंच राहतात. जुलै महिना, पाऊस, रात्रीचे दीड. जुन्या वस्तीतली चार मजली इमारत बसली. ‘पडली’ म्हणत नाही, ‘बसली’ म्हणतोय, कारण मजल्यावर मजला असे भाकरीच्या चवडीसारखे स्लॅब एकावर एक आले होते. गल्ली जेमतेम दहा फुटांची. मी पोचलो तेव्हा दोन ॲम्ब्युलन्स समोरासमोर अडकल्या होत्या आणि त्यांच्यामागं एक जेसीबी.

कोपऱ्यावर गणेश मंडळाची शेड होती. तिथलं वर्गणीची पावतीपुस्तकं ठेवायचं टेबल बाहेर काढलं, वर ताडपत्री बांधली, मंडळाचाच फोकस लावला. माझ्या हाताखालच्या एका जवानाला कायम टेबलापाशी उभं केलं आणि सांगितलं, जो येईल त्याचं नाव, खातं आणि वेळ लिही, मग आत सोड. पेन्सिलीनं लिही, पावसात पेनाची शाई पसरते. ॲम्ब्युलन्स मागं घ्यायला लावून शाळेच्या मैदानावर उभ्या केल्या आणि एका वेळी एकच गल्लीत सोडायची, असं ठरवलं. आमच्या भाषेत त्या मैदानाला स्टेजिंग एरिया म्हणतात. म्हणजे एस.टी. स्टँडच म्हणा ना. गाडी फलाटावर तिची पाळी आल्यावरच लागते. मंडळाची पोरं दोरी धरून उभी राहिली. दोरीच्या आत फक्त ज्याचं नाव वहीत आहे तो. दोरी धरणारी पोरं वस्तीतलीच होती, म्हणून लोकांनी ऐकलं. तेच पोलिसांनी केलं असतं तर वाद झाला असता.

मग खरा प्रश्न. आत कितीजण आहेत? प्रत्येक नातेवाईक वेगळा आकडा सांगत होता. वीजमंडळाच्या मीटरवर मालकाची नावं, राहणारे भाडेकरू. रेशन दुकानदाराला उठवून आणलं, त्याची यादी दोन वर्षं जुनी. तेवढ्यात एक बाई टेबलापाशी आल्या. त्या वस्तीत डबे द्यायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्या म्हणाल्या, ‘साहेब, मला विचारा. कोणाकडं किती पोळ्या जातात ते मला माहिती आहे.’

मी त्यांना खुर्ची दिली. त्या रात्री टेबलापाशी एकच खुर्ची होती आणि ती मावशींना दिली. त्यांनी मजल्याप्रमाणं, खोलीप्रमाणं सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरचे म्हातारा-म्हातारी आत अडकलेत म्हणून वीस माणसं त्या बाजूचा स्लॅब हातोड्यांनी फोडत होती. मावशी म्हणाल्या, ते दोघं वारीला गेलेत, एकादशी होईपर्यंत त्यांचा डबा बंद आहे. आणि तळमजल्यावर मागच्या खोलीत, जिथं कोणी राहत नाही असं सगळे सांगत होते, तिथं सोमवारपासून दोन पोरं राहायला आलीत. त्यांचा डबा नवीन लागलाय.

वीस माणसं तिथून काढून मागच्या बाजूला वळवली. मग शांतता मागितली. ही गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. ढिगाऱ्यावर काम करणाऱ्या सगळ्या जगातल्या पथकांच्या शिट्टीच्या खुणा ठरलेल्या आहेत. एक लांब शिट्टी म्हणजे सगळं काम बंद, सगळे गप्प. एक लांब, एक आखूड म्हणजे पुन्हा सुरू. तीन आखूड म्हणजे असाल तसे बाहेर पळा. पण शिट्टी वाजवून जेसीबीवाला इंजिन बंद करील का, दोनशे माणसं गप्प बसतील का, ते शिट्टीवर नसतं. शिट्टी कोणाची आहे ते सगळ्यांना माहीत हवं. त्या रात्री सगळे गप्प बसले. पावसाचाच आवाज. मग आतून, पाइपावर काहीतरी वाजवल्यासारखा आवाज आला.

दोघांपैकी एक पोरगा सकाळी सातला जिवंत निघाला. दुसरा नाही. मावशी सकाळपर्यंत त्या खुर्चीवर बसून होत्या. नंतर उठल्या आणि म्हणाल्या, ‘आज डबे जायचे नाहीत, पण इथल्या लोकांना चहा करते.’ त्या रात्री त्यांच्याइतकं काम कोणी केलं नाही, आणि त्यांनी एकही वीट उचलली नव्हती.

जिथं टेबल मांडायलाच जागा नसते, अशीही ठिकाणं असतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी डोंगरावर, वर जायला गाडीरस्ता नाही. भर पावसात, चिखलातून पायी चढायचं. पोकलेन वर नेता येत नव्हतं, म्हणून कुदळ-फावडं घेऊन हातानं खणायचं. हेलिकॉप्टर तयार होती, पण हवामानामुळं उडता येईना. अशा ठिकाणी जागा आपोआप दोन होतात. वर ढिगाऱ्यापाशी एक आणि डोंगराच्या पायथ्याशी एक. माझ्या मते पायथ्याची जागा जास्त महत्त्वाची. वर कोण चढलं, कधी चढलं, कोण दमून उतरायला हवं, कोणाला चढूच द्यायचं नाही, हे सगळं तिथं ठरतं. त्या रात्री चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो तिथंच गेला. ती बातमी वाचली आणि मी बराच वेळ गप्प बसलो. २०१० च्या त्या मार्गदर्शक तत्त्वांत कमांडरच्या शेजारी एक सुरक्षा अधिकारी सांगितलाय. त्याचं काम एकच, वाचवायला आलेल्यांना वाचवायचं. लोकांना वाटतं हे पद कागदावरचं आहे. मला नाही वाटत.

तिथं चार दिवसांनी शोध थांबवला. २७ मृतदेह मिळाले होते, ५७ जण बेपत्ता होते. शोध थांबवायचा निर्णय कोणीतरी घ्यावा लागतो, आणि तो ढिगाऱ्यावर उभं राहून घेता येत नाही. ढिगाऱ्यावर उभा असलेला माणूस कधीच थांबणार नाही. यादी समोर ठेवून, गावकऱ्यांशी बोलून, पाऊस बघून तो घ्यावा लागतो. टेबलापाशी बसण्यातलं सगळ्यात अवघड काम हे.

आता एक उदाहरण आपल्या शेजारच्या गावाला जोडलेलं. २०१८ साली थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल खेळणारी बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्यानं अडकले, ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. पाणी उपसायच्या कामात सल्ला द्यायला किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिथं गेले होते आणि गरज पडली तर विमानानं पाठवायला पंप किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात तयार ठेवले होते. आपल्या वर्गातले निम्मे लोक किर्लोस्करवाडीच्या भोंग्यावर घड्याळ लावत मोठे झालेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पण मला त्यात रस वेगळ्या गोष्टीत होता. त्या गुहेच्या तोंडाशी किती देशांचे लोक जमले होते! नौदलाचे पाणबुडे, ब्रिटिश गुहापटू, अमेरिकी सैनिक, पंपवाले, डोंगरात वरून बोगदा सापडतो का बघणारे, जेवण बनवणारे स्वयंसेवक, पत्रकार. सगळ्यांचा प्रमुख होता प्रांताचा गव्हर्नर, नरोंगसाक ओसोत्तनाकोर्न. त्याच्या बदलीचा हुकूम आधीच निघालेला होता, तरी तो मोहीम संपेपर्यंत तिथंच राहिला. मुलं बाहेर काढायला सुरुवात करायची त्या सकाळी, ८ जुलैला, त्यानं पत्रकारांना गुहेच्या परिसरातून बाहेर काढलं. सगळ्या जगाचे कॅमेरे तिथं असताना! मला विचाराल तर त्या मोहिमेतला हा सगळ्यात धाडसाचा हुकूम होता. चिखलातून ॲम्ब्युलन्सला मोकळी वाट हवी होती. ती वाट त्यानं केली. तेराही जण बाहेर आले. त्याआधी दोन दिवस, हवेच्या टाक्या आत पोचवून परतताना थाई नौदलाचा माजी पाणबुड्या समान कुनान गेला होता, तेही विसरता येत नाही.

आपल्याकडं मोठे लोक येतात तेव्हा काय होतं, ते मी सांगायला नको. मंत्री येण्यात वाईट काही नाही. ते आल्यानं यंत्रणा हलते, पैसे मोकळे होतात. पण त्यांचा ताफा कुठं थांबणार, कोणी त्यांना माहिती देणार, हे ठरलेलं असलं पाहिजे, नाहीतर कमांडर अर्धा दिवस गाडीच्या दारापाशी उभा. त्यासाठी वेगळा माणूस नेमायचा असतो. आणि अजून एक नियम. वरिष्ठ आला म्हणून तो आपोआप कमांडर होत नाही. आधी जो आहे त्याच्याकडून सगळं समजून घ्यायचं, मग ‘आता मी घेतो’ असं सगळ्यांसमोर सांगायचं. तोपर्यंत पहिला आलेला, मग तो साधा हवालदार असो, त्याचाच शब्द. सरकारी नोकरीत हे पचायला किती जड जातं, ते ज्यांनी केली त्यांना माहिती आहे.

आता आपल्या गावाकडं येऊ.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये काय झालं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त भोगलंय. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली. मी तेव्हा माझ्या शहराच्या दलातली दोन रबरी बोटी आणि आठ जवान घेऊन आलो होतो. ड्यूटी म्हणून आलो, पण पाणी आपल्याच गावात, त्यामुळं ड्यूटी कुठं संपते आणि बाकीचं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं.

आपली शाळा उंचावर आहे. आपल्या वेळी आम्ही तिला ‘गड’ म्हणायचो, आणि उशीर झाला की चढ चढताना जीव जायचा. पुरात सगळं गाव तिथंच आलं. वर्गांत माणसं, व्हरांड्यात म्हातारी माणसं, मैदानावर म्हशी. आणि फाटकात मदतीचे ट्रक. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि जुन्या कपड्यांचे ढीग. कपड्यांबद्दल बोलत नाही, पाठवणाऱ्यांच्या भावना चांगल्या असतात. पण ते ट्रक फाटकातच रिकामे होत होते, आणि आमचा बोटींचा ट्रेलर बाहेर एक तास उभा होता. फाटकाची रुंदी बारा फूट. ट्रक साडेआठ फुटांचा. दुसरी गाडी शेजारून जाणार कशी?

पण मला सांगायचंय ते वरच्या मजल्यावरचं. वर आठवी ‘ब’च्या वर्गात आत्ताच्या शिक्षिकांपैकी एक बाई होत्या. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांनी ऑफिसातून जनरल रजिस्टर आणि हजेरीपटांचा गठ्ठा वर नेला होता आणि फळ्यावर गल्ल्यांची नावं लिहिली होती. प्रत्येक गल्लीखाली, कोणत्या घरात शाळेतलं मूल आहे, त्यातलं किती घरांतलं कोणी शाळेत पोचलंय, किती अजून आलेलं नाही. पोचलेल्या घरावर खडूनं बरोबरची खूण. आलेला प्रत्येक माणूस आधी त्यांच्याकडं जायचा, कारण दुसरीकडं कुठं विचारायचं ते कोणाला माहीत नव्हतं. मी जाऊन उभा राहिलो. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही बोटवाले का? वेशीपलीकडच्या दोन गल्ल्यांत अकरा घरं आहेत. तीन घरांत पहिली-दुसरीतली पोरं. आधी तिकडं जा.’ मी ‘हो बाई’ म्हणालो आणि निघालो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, अंगावर गणवेश, आणि तोंडातून ‘हो बाई’च आलं.

त्यांनी कमांड पोस्ट हा शब्द ऐकला असेल असं मला वाटत नाही. पण मी नागपूरच्या अग्निशमन महाविद्यालयात जे शिकलो, ते सगळं त्या फळ्यावर होतं. त्या संध्याकाळपर्यंत आम्ही त्या अकराही घरांपाशी पोचलो. दोन रिकामी होती, माणसं आधीच नातेवाइकांकडं गेलेली. बाईंनी ते विचारून ठेवलंच होतं, फक्त खात्री हवी होती. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा त्यांनी न सांगता पुन्हा तोच फळा मांडला.

अडचण एवढीच होती की खाली राहणारी तीनशे माणसं आणि वर हे काम, दोघांना जिना एकच, फाटक एकच, संडास एकच. जेवणाची रांग आणि माहिती विचारणाऱ्यांची रांग जिन्यावर एकमेकांत घुसायची. निवारा आणि कमांड पोस्ट एका दारातून चालवू नये, असं शिकवतात. आपल्या शाळेला मागच्या बाजूला, ओढ्याकडं, एक जुनं दार आहे. आपण मधल्या सुट्टीत चिंचा आणायला तिथूनच जायचो. ते आता बांधून काढलंय.

आणि आता कमान. माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून होणारी कमान मला आवडलेली आहे. दगडी खांब, वर शाळेचं नाव, बाजूला वर्गणीदारांची पाटी. नकाशात तिची रुंदी बारा फूट आहे, म्हणजे आत्ताच्या फाटकाएवढीच, आणि उंची अकरा. मी त्या दिवशी फाटकाबाहेर उभा होतो, म्हणून मला हे आकडे बघवत नाहीत. उंच इमारतींसाठी राष्ट्रीय बांधकाम संहिता म्हणते की आवाराचं प्रवेशद्वार निदान सहा मीटर रुंद असावं, आणि वर काही बांधलं असेल तर खाली साडेचार मीटर मोकळं राहावं. आपली शाळा उंच इमारत नाही, तो नियम आपल्याला लागू नाही. पण आपलं गाव पुराचं आहे. सहा मीटर म्हणजे जवळजवळ वीस फूट. साडेचार मीटर म्हणजे पंधरा. कमान तेवढी मोठी केली तर दगड जास्त लागेल, खर्च वाढेल. खांब साधे केले तर खर्च भागतो, मी विचारून आलोय.

दुसरं, चिंचेकडचं दार उघडायचं आणि तिथून वरच्या मजल्यावर जाणारा लोखंडी जिना बसवायचा. आठवी ‘ब’च्या वर्गात एक कपाट, त्यात नकाशा, बॅटऱ्या, ताडपत्री, पेन्सिली आणि गल्लीवार यादीची वही. वही दर जूनमध्ये नवी. चावी दोघांकडं, एक मुख्याध्यापकांकडं आणि एक गावातच राहणाऱ्या आपल्यापैकी कोणाकडं तरी. मी सातारा रोडला राहतो, माझ्याकडं ठेवून उपयोग नाही.

वर्गणीदारांची पाटी कमानीवर बसणार नसेल तर कपाटावर बसवू, असं मी आज सकाळी एकाला सुचवलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

बदललेला नकाशा आणलाय. मागच्या बाकावर, पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवलाय. चहा घेताना बघा, आणि जे पटत नाही ते त्यावरच पेन्सिलीनं लिहा. सर, तुम्हीही. आमच्या वह्या तपासताना जो लाल पेन वापरायचात तो आणला असला तर उत्तम.